झुंबरच्या वहीतली घरं

सिल्वासा,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय झुंबर,

सा. न. वि. वि. एवढं लिहिलं आणि आता विनंती काय आणि विशेष काय ते सुचेना, म्हणून मध्ये उठून चहा करून आलो. पत्राची सवय राहिली नाही. शेवटचं पत्र मी बहुधा चोपड्याला आईला लिहिलं होतं, आपण दोघं खडोलीच्या धाग्याच्या कंपनीत होतो तेव्हा. त्याच्यावरचा पत्ता तू घातला होतास, कारण माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही असं तुझं मत. या पाकिटावरचा पत्ता केतकीनं लिहिलाय. तिला तो तुझ्या रोहनकडून मिळाला. आपली पोरं एकमेकांशी फोनवर बोलत असतात, हे मला गेल्याच महिन्यात कळलं. बापांना विचारून थोडीच बोलणार!

ज्योतीवहिनींना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचं काय झालं, हे मालतीनं मुद्दाम विचारायला सांगितलंय. दिंडोरीला थंडी चांगलीच असेल. इथं थंडी म्हणजे पाहुणी. स्वेटर कपाटातून काढेपर्यंत निघून जाते.

आमची खुशाली बरी आहे. मला शुगर निघाली, त्यामुळे घरात गोड म्हणजे फक्त मालतीचा स्वभाव, आणि तोही मोजून. केतकी पुण्याला नोकरीला आहे. आमलीचा भाग आता तुला ओळखू येणार नाही. सामरवरणीच्या रस्त्यावर आपण स्कूटर लावून शेव-मुरमुरे खायचो, तिथे सात मजली इमारत उभी राहिलीय. मागच्या रविवारी पाहुण्यांना घेऊन वासोण्याला सिंह दाखवायला गेलो होतो. सिंह तसाच झाडाखाली आडवा. आपण दोघं कुटुंबाला घेऊन गेलो होतो ते आठवलं. सगळी बस सिंह बघत होती आणि तू गाइडला विचारलंस, "याला उन्हाळ्यात पाणी कुठून येतं?" तो माणूस अजून तिथेच आहे. त्याला तुझी आठवण आहे की नाही, ते विचारायचं राहिलं.

आता कामाचं लिहितो. दुकान सोडून जाताना तू चाव्यांच्या खणात एक वही ठेवून गेलास, लांब, हिरव्या पुठ्ठ्याची, वर कंपनीचं नाव असलेली. त्या वहीत काही घरांपुढे तू पेन्सिलीनं गोल केलाय आणि गोलात तारीख घातलीय. अशी एक्केचाळीस घरं आहेत. त्या गोलाचा अर्थ काय, एवढं विचारण्यासाठी हे पत्र. प्रश्न खरं तर माझा नाही, आमच्या मॅडमचा आहे.

मॅडम कोण ते लगेच सांगतो, नाहीतर वहिनी भलतंच समजायच्या.

आपल्या धंद्याचं गेल्या दोन वर्षांत काय झालंय याची तुला कल्पना नसेल. पूर्वी घर शोधणारी पार्टी दुकानात यायची, आपण खुर्ची द्यायचो, आणि कुठलं घर रिकामं आहे ते फक्त आपल्याला माहीत असायचं. आता घरं फोनवरच दिसतात. वर पार्टीच्या फोनमध्ये एआयचा मदतनीस बसलेला असतो, तो तिला प्रश्न काढून देतो. नाशिकचा मयूर म्हणून एक इंजिनियर सायली गावातल्या एका कंपनीत लागलाय. त्यानं माझ्या दुकानाची पायरी चढण्याआधी सतरा प्रश्न पाठवले. बाल्कनी कुठल्या दिशेला, सोसायटीत बॅचलर चालतात का, पाणी किती वाजता, संध्याकाळी वारा फिरला की मागच्या कारखान्याचा वास येतो का. एवढे प्रश्न मला मुलगी बघायला गेलो तेव्हाही कुणी विचारले नव्हते. किलवणी नाक्यावर चहाला जमणारे सगळे दलाल हेच बोलत असतात. नवनाथ म्हणतो, "राजूभाई, अब दुकान में समोसे तलना चालू करो." हसलो, पण घरी येऊन मालतीला विचारलं की समोसे येतात का तुला.

दिवाळीला केतकी आली आणि तिनं माझ्या दुकानाच्या व्हॉट्सॲपवर असाच एक मदतनीस बसवून दिला. पार्टीचा मेसेज आला की तोच उत्तर देतो. गुजरातीत विचारलं तर गुजरातीत, हिंदीत विचारलं तर हिंदीत, आणि सायलीच्या उडिया पोरांना उडियात. आवाज केतकीनं बाईचा निवडला, म्हणून मी मॅडम म्हणतो. "पप्पा, घरांबद्दल जे काही लिहिलेलं असेल ते सगळं हिला द्या," केतकी म्हणाली. माझं तुला माहीत आहे, सगळं डोक्यात. दुकानात लिहिलेली म्हणून एकच गोष्ट होती, तुझी वही. तुझं अक्षर मुंगीएवढं आणि माझा चष्मा जुना, म्हणून मी ती न उघडताच तिच्या हातात दिली. मला वाटलं, पत्ते असतील, चावी कुणाकडे ते असेल. तिनं पानोपान फोटो काढले आणि मॅडमला वाचायला दिले.

वहीत काय होतं, ते तुला सांगायला नको.

चौथ्या दिवशी शर्वरी नावाच्या बाईंचा मेसेज आला. रत्नागिरीच्या, इथल्या सरकारी शाळेत नव्यानं आलेल्या. आमलीत तिसऱ्या मजल्यावरचं घर त्यांना आवडलं होतं. मॅडमनं त्यांना काय लिहावं? "घर हवेशीर आहे आणि शेजार चांगला आहे. मात्र आमच्याकडच्या नोंदीप्रमाणे दुपारी दोननंतर तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. ही नोंद २०१७ सालची आहे. आज काय परिस्थिती आहे ते मला माहीत नाही. राजेंद्रभाईंना जाऊन बघायला सांगू का?"

मी ते वाचलं तेव्हा तोंडात पाव होता. तो तसाच राहिला. धंद्यातली माझी पद्धत तुला पाठ आहे. विचारलं तर खोटं बोलायचं नाही, आणि नाही विचारलं तर तोंड उघडायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पश्चिमेचं घर सकाळी दाखवायचं, पाण्याची बोंब असेल तिथे पाणी यायच्या वेळेला न्यायचं. वीस वर्षं यावर दुकान चाललं, आणि ही बया माझ्याच गल्ल्यावर बसून माझ्याच मालाला नावं ठेवत होती! वर तो मेसेज कुणीतरी दाखवला म्हणून घरमालकाचा फोन. "राजूभाई, मारा घरनी खोड तमे ज गाओ छो? पंप तो बे हजार एकवीस मां बदल्यो!" मी केतकीला फोन लावला आणि ओरडलो, बंद कर तिला.

"बंद करते," केतकी म्हणाली. "पण त्या बाईंनी काय उत्तर दिलं ते वाचलंत का पप्पा?"

वाचलं नव्हतं. बाईंनी लिहिलं होतं, "उद्या दुपारी दोनला येते."

आल्या. मी कुलूप काढलं, त्यांनी पिशवीतून बादली काढली, घरून आणलेली, आणि नळाखाली ठेवली. आम्ही दोघं त्या रिकाम्या स्वयंपाकघरात उभे राहून बादली भरताना बघत होतो. दोन वाजून दहा मिनिटांनी भरली. घरमालकाचं खरं होतं, नवा पंप जोरात होता. बाई म्हणाल्या, "या गावात आठ घरं पाहिली. सगळी चांगलीच होती म्हणे. वाईट काय ते तुम्हीच पहिल्यांदा सांगितलं." मी सांगितलं नव्हतं झुंबर, तू सांगितलं होतंस. पण मी मान डोलावली. आयत्या बिळावर नागोबा.

त्यांनी घर घेतलं, आणि त्यांच्या शाळेतल्या आणखी दोघींना माझ्याकडे पाठवलं.

मॅडम बंद केली नाही. ती काय करू शकते आणि काय नाही, ते मला हळूहळू कळलं. जाहिरात लिहिते, पार्टीच्या सतरा प्रश्नांची सतरा उत्तरं देते, करारनाम्याचा कच्चा मसुदा करून देते, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणते. आपल्या धंद्यात हे वाक्य मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. पण तिला पाय नाहीत. बादली घेऊन ती जाऊ शकत नाही. दर दोन-तीन दिवसांनी माझ्यापुढे यादी टाकते. ही नोंद नऊ वर्षांची, ती आठ वर्षांची, कुणी बघून आलंय का? मग मी निघतो. मयूरची मशीन विचारते, माझी मशीन उत्तर देते, आणि आम्ही दोघं सायलीत एका गच्चीवर संध्याकाळी नाक वर करून उभे, वारा फिरण्याची वाट बघत. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा घरं बघतोय. आतापर्यंत नुसती दाखवत होतो.

एवढं लिहून आज थांबतो. मालती हाक मारतेय.

सोमवार

काल जे लिहिलं ते आज वाचून पाहिलं. केतकी म्हणाली होती, "हाताला त्रास कशाला, मॅडमला सांगा, छान पत्र लिहून देईल." मी प्रयत्नही केला होता. तिनं आधी एकच विचारलं, "झुंबरभाईंना तुम्हाला नेमकं काय सांगायचं आहे?" तिथेच मी फोन खिशात टाकला. कालची ही पानं म्हणजे त्या प्रश्नापासून काढलेला पळ आहे. गोलाचा अर्थ मला माहीत आहे झुंबर. साडेसात वर्षं माहीत आहे.

क्रमानं लिहितो.

नरोलीच्या रस्त्यावरच्या नीलधाराचे चोवीस फ्लॅट बिल्डरनं आपल्या एकट्याच्या हातात दिले होते. पुण्याची ती जोडी, तुषार आणि वैशाली, टोकन द्यायला बसली होती आणि तू त्यांना सांगितलंस की ऑगस्टमध्ये पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी साचतं. ते उठून गेले. आठवड्यात बिल्डरनं काम काढून घेतलं. मी तुला काय काय बोललो ते तू विसरला नसशील. मी विसरलेलो नाही. तेवढ्यावर थांबलो असतो तरी आपण दोन महिन्यांत पुन्हा एका ताटात जेवलो असतो.

पण त्याच सुमाराला मी तुला तीनदा जुन्या पार्ट्यांच्या घरात शिरताना पाहिलं होतं, एकट्याला, मला न सांगता. घर देऊन झालं, दलाली मिळाली, मग हा तिथे कशाला जातो? माझ्या डोक्यात एकच उत्तर आलं, कारण मी असतो तर त्याचसाठी गेलो असतो. मी तुला विचारलं नाही. नाक्यावर जाऊन चारचौघांत बोललो, की झुंबर पाठीमागून पार्टीकडून वेगळे पैसे घेतो. चहाच्या एका घोटात बोलून गेलो. त्यानंतर तुला गावातल्या दोन दुकानांनी काम न देता का परत पाठवलं, ते तुला तेव्हा कळलं नसेल. आता कळलं.

तू टेम्पो भरत होतास तेव्हा मी समोरच्या मेडिकलमध्ये उभा होतो. वहिनी शिलाई मशीन उचलत होत्या आणि रोहन कुंड्या. मी एक क्रोसिनची पट्टी घेतली, नको असताना.

आणि आता जे लिहायचं टाळत होतो ते. तू गेलास त्याला चार महिने झाले असतील. पिपरियाचा चेतन, ज्याला आपण वन बीएचके दिला होता, रस्त्यात भेटला. म्हणाला, "झुंबरभाई दिसत नाहीत? आमच्याकडे राहायला आल्यावर महिन्यानं आले होते. नळ बघितले, भिंतीला हात लावून बघितला, बायकोला विचारलं, काय त्रास आहे का ताई. वहीत गोल करून गेले. चहासुद्धा अर्धाच घेतला." मी विचारलं, काही घेतलं का? तो म्हणाला, "घेतील कशाला? उलट बाथरूमची कडी बसवून दिली."

घर दिल्यावर महिन्यानं परत जाऊन विचारायचं, आणि विचारून आलो की गोल करायचा. एवढाच त्या गोलाचा अर्थ. तुझ्या वहीतलं जे जे मॅडम लोकांना सांगते ते तू असं एक्केचाळीस घरांत अर्धा अर्धा चहा पिऊन आणलेलं आहे.

त्या दिवशी मी चेतनपासून निघून सरळ नाक्यावर जायला हवं होतं. दहा मिनिटांचा रस्ता. गेलो नाही. कुणी विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं, असं स्वतःला समजावलं. साडेसात वर्षांत कुणीच विचारलं नाही. माझी पद्धत मी घरांपुरती समजत होतो, ती मी तुझ्यावरही चालवली. वही मी चष्म्यामुळे उघडली नाही हे खोटं आहे. हिंमत नव्हती. मला लाज वाटते झुंबर, आणि ही लाज जुनी आहे.

मॅडमनं मला दोन प्रश्न विचारले होते. एक गोलाचा. दुसरा, "ग्राहक विचारतात ही माहिती कुणी दिली. कुणाचं नाव सांगू?" चोराच्या मनात चांदणं. दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तुझं पूर्ण नाव लिहिलं. तेव्हापासून ती प्रत्येक उत्तराखाली लिहिते, "नोंद: झुंबर आहेर." महिनाभर या गावात, जिथे तुझं नाव मी खराब केलं, तिथे ते रोज वीस-पंचवीस फोनांवर जातंय. पण नाव छापून येणं वेगळं आणि मी तोंडानं बोलणं वेगळं, म्हणून गेल्या गुरुवारी नाक्यावर गेलो. सगळे होते. मी उभा राहिलो आणि जे खोटं बोललो होतो ते शब्दाला शब्द सांगितलं, आणि ते खोटं आहे म्हणून सांगितलं. चहावाला गाळणी हातात धरून थांबला. शेवटी नवनाथ म्हणाला, "राजूभाई, ये बात झुंबरभाई को बोला क्या? हमको काय को बोलते हो?"

म्हणून हे पत्र.

माफी मागतो. तुझी, वहिनींची आणि रोहनचीही, त्याची शाळा माझ्यामुळे बदलली. माफ करायलाच हवं असं काही नाही.

आता एक विचारतो. दया म्हणून नाही, गरज माझी आहे. तुझी वही जुनी होत चाललीय. सायली, सामरवरणी, दादरा, सगळीकडे नव्या इमारती उठल्यात आणि त्यांच्याबद्दल मॅडमला काहीच माहीत नाही. मी जातो, पण मी गेलो की लोक चहा देतात आणि सगळं छान आहे म्हणतात. माझं तोंडच दलालाचं. तू कडी बसवून द्यायचास म्हणून ताया तुला खरं सांगायच्या. नवं काम सगळं त्यावरच उभं राहणार आहे, हे मला आता दिसतंय. फोटो आणि पत्ते कुणाकडेही आहेत. राहिलेल्या माणसाला जाऊन विचारलेलं कुणाकडेच नाही. म्हणून महिन्यातून चार दिवस आलास तरी चालेल. पेठ-कपराड्याचा रस्ता आता बरा आहे. दुकान निम्मं तुझं होतं, कागदावर अजूनही आहे. तुझं नाव काढायला मी कधी गेलोच नाही. आळसानं म्हण किंवा कशानंही. आणि नाहीच आलास, तरी उत्तरांखालचं नाव तुझंच राहील.

एक शेवटचं. गेल्या आठवड्यात मयूरनं घर पक्कं केलं, आणि मग मॅडमला लिहिलं, "या झुंबरभाईंशी एकदा बोलता येईल का? थँक्यू म्हणायचंय." मॅडमनं उत्तर दिलं, "त्यांचा नंबर माझ्याकडे नाही. राजेंद्रभाईंना विचारून सांगते." तो प्रश्न माझ्या फोनवर तसाच पडून आहे. रोज सकाळी ती आठवण करून देते.

तिला काय सांगू, ते कळव.

या वेळी कुणी न विचारता सांगणारा,
तुझा
राजू